दोनशे पंधराची लाल रेघ

एक पायरी बाकी होती. मी आजही हेच म्हणते, आणि ज्याला ते ऐकवत नसेल त्यानं माझ्या शेडसमोरून जाऊ नये.

माझा धंदा जुन्या यंत्रांचा. बंद पडलेल्या कारखान्यांतली लेथ, पॉवरलूम, जनरेटर, जे लिलावात निघेल ते घ्यायचं, चालू करायचं आणि विकायचं. मी उमरेडच्या हातमागावर वाढले. आमच्या घरात सूत होतं, भांडवल नव्हतं. नागपूरला आले ती नंदनवन वस्तीत एका खोलीत, आणि पहिला सौदा केला तो मोडीत निघालेल्या मागांच्या लोखंडाचा. आता हुडकेश्वरला माझी स्वतःची शेड आहे. लोक म्हणतात, बाई फार भांडते. भांडते. न भांडणाऱ्या बायकांच्या शेडी कुठं आहेत ते मला कोणीतरी दाखवावं.

विमानही माझ्याकडे लिलावातूनच आलं. एक खासगी उड्डाणशाळा सुरू होण्याआधीच बुडाली होती. तिच्या सामानात दोन आसनांचं एक छोटं विमान होतं, सुटे भाग खोक्यांत बंद, पट्ट्याही न तुटलेल्या. बोली लावायला आलेले बाकीचे लोक एसी आणि टेबलांसाठी आले होते. खोक्यांकडे बघून एक जण मला म्हणाला, ताई, ह्याचा पत्रा इतका पातळ आहे की भंगारवालाही घेणार नाही. म्हणून मी घेतलं. ज्या मालावर हसतात त्याची बोली वर जात नाही, एवढं मला कळतं.

जोडायला माणूस मिळाला तो हवाई दलातून निवृत्त झालेला. नवी विमानं पहिल्यांदा उडवून बघणं हेच त्यांनी निम्मं आयुष्य केलं होतं. शेडमधले सगळे त्यांना साहेब म्हणत, मीही म्हणायची. कागदपत्रं, परवानग्या, मिस्त्र्यांकडून जोडणी, सगळं त्यांनी अंगावर घेतलं. अट एकच घातली: विमानाच्या आकड्यांबाबत त्यांचा शब्द शेवटचा. मी हो म्हटलं. बाजारात ‘शेवटचा शब्द’ हा सौद्यातला पहिला शब्द असतो, हे मला पंचवीस वर्षांत पाठ झालेलं होतं.

विमान अर्धं जोडून झालं असतानाच गिऱ्हाईक चालून आलं. जंगलाच्या रस्त्याला त्याचं रिसॉर्ट होतं, आणि उड्डाण शिकून आपणच पाहुण्यांना फिरवायचं असं त्यानं मनावर घेतलं होतं. त्यानं विचारलं, जास्तीत जास्त किती जाते? खोक्यात बनवणाऱ्यांचा कागद होता, त्यावर लिहिलं होतं, कमाल वेग ताशी दोनशे वीस किलोमीटर, ह्यापुढे कधीही जाऊ नये. वेगाच्या डायलवर त्या आकड्याला लाल रेघ असते. मी त्याला कागद दाखवला आणि जबान दिली, की रेघ दोनशे वीसलाच भेटेल. माझ्या धंद्यात करार पुष्कळ मोडतात. जबान मोडली की माणूस संपतो. ह्या गोष्टीत माझं जे काही पणाला लागलं ते हे.

हे साहेबांना सांगितलं तर त्यांनी कागद बाजूला सारला.

“हा आकडा त्यांच्या विमानाचा आहे,” ते म्हणाले. “हे विमान तुमच्या शेडमध्ये जोडलं जातंय. ह्याचा आकडा ह्यालाच विचारावा लागेल.”

कसा विचारतात ते त्यांनी शेडमध्येच दाखवलं. पंखाचं टोक धरून हळूच दाबलं आणि सोडलं. पंख थरथरला आणि थांबला. म्हणाले, हे लाकडाच्या फळीसारखं ताठ वाटतं पण ताठ नाही, लवतं आणि परत येतं. प्रत्येक भागाचा असा आपला झोका असतो. वेग कमी असतो तोवर हवा त्या झोक्याला दाबून शांत करते, पाण्यात हात हलवल्यासारखं. पण वेग वाढत गेला की एका जागी हवेची रीत बदलते. ती झोक्याला दाबत नाही, उलट प्रत्येक फेरीला थोडं बळ देते. मग झोका आपोआप वाढत जातो. ह्याला ते फ्लटर म्हणत, मी फडफड म्हणते. वाळत घातलेलं लुगडं वाऱ्यात फाडकन वाजायला लागतं तसंच, फक्त इथं दोरीवरून निसटायची सोय नाही. श्वास घ्यायच्या आत शेपटी तुटू शकते.

मी विचारलं, इंजिन तर सरळ उडताना एकशे ऐंशीच्या पुढे नेत नाही म्हणता, मग पुढच्या वेगाची काळजी कशाला? ते म्हणाले, नाक खाली गेलं की वेग फुकट मिळतो, आणि नवशिक्याचं नाक कधी ना कधी खाली जातंच. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा धोका मला समजावून सांगायची गरज नव्हती.

तर रीत अशी. आधी डायलच तपासायचा, कारण तोही खोटं बोलतो. ते मला पटलं, काटा पारखल्याशिवाय मीही माल तोलून घेत नाही. मग शांत हवेच्या सकाळी, भरपूर उंचीवर, पॅराशूट बांधून, एकट्यानं नाक खाली करायचं. वेग पायरीपायरीनं वाढवायचा. प्रत्येक पायरीवर विमान हाकायच्या दांड्याला एक टिचकी मारायची आणि विमानाचं थरथरणं किती झोक्यांत विरतं ते बघायचं. नीट विरलं तर पुढची पायरी. जिथवर सुखरूप जाऊन आलो त्याच्या नव्वद टक्क्यांवर लाल रेघ. म्हणजे दोनशे वीसची रेघ हवी असेल तर दोनशे पंचेचाळीसपर्यंत जाऊन यावं लागणार.

इथं माझे कान टवकारले.

“म्हणजे तुम्ही बी काही मागं ठेवूनच सांगता,” मी म्हटलं. “मंग त्या ठेवलेल्यातलं अर्धं मले द्या न.”

ते हसले नाहीत. म्हणाले, त्या दहा टक्क्यांत चार वाटेकरी आहेत. एक डायलची चूक. दुसरा मे महिन्यातल्या दुपारी खालून उसळणारा वारा. तिसरा घाबरलेल्या माणसाचा हात. चौथा जुनी होत जाणारी बिजागरी.

“तुमचा त्यात वाटा नाही, बाई. माझाही नाही.”

मी गप्प बसले. सौद्यात गप्प बसणं म्हणजे कबूल होणं नव्हे.

आता काठाबद्दल सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्याचा दोष लोक माझ्या आईवर टाकतात आणि ते मी चालू देत नाही. रंग देऊन विमान पांढरंशुभ्र उभं होतं तेव्हा आई उमरेडहून एसटीनं आली. तिनं आयुष्यभर माग चालवला. विमानाभोवती एक चक्कर मारून ती म्हणाली, “धोतरालेही काठ रायते वं. हे काय, पांढरं फक्क?”

तिच्या म्हणण्यात काय चूक होतं? मी ट्रक रंगवणारा पेंटर बोलावला आणि शेपटीच्या आडव्या फळीला, मागच्या कडेनं, आमच्या लुगड्यासारखा लाल काठ काढायला सांगितला, मध्ये पिवळी रेघ. तो पातळ हात मारायला लागला तशी आई म्हणाली, काठाले वजन पाहिजे, हलका काठ अंगावर ठरत नाही. हे कोणत्याही विणकराला विचारा. पदर नीट पडतो तो काठाच्या वजनानं. म्हणून त्यानं हातावर हात चढवले, वरून आणि खालूनही. काठ असा उठून दिसत होता की शेडसमोर स्कूटर थांबवून लोक बघायचे. साहेब त्या आठवड्यात परवानगीच्या कामानं बाहेरगावी होते. आल्यावर त्यांनी बघितलं, “छान दिसतंय,” एवढंच म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले. हे मी मुद्दाम नोंदवते.

चाचणीसाठी उमरेडच्या पलीकडे एका बंद पडलेल्या प्रकल्पाची धावपट्टी मिळाली होती. थंडीचे दिवस, हवा अगदी ठप्प. मी खाली वायरलेस धरून उभी. साहेबांचा आवाज येत होता, आकडा आणि मग एक शब्द. एकशे नव्वद, टिचकी, ठीक. दोनशे, टिचकी, ठीक. दोनशे दहा, ठीक. दोनशे वीसला टिचकी म्हणाले आणि पुढं काहीच नाही. वर पाहिलं तर नाक अलगद वर येत होतं, विमान संथ होत होतं. बऱ्याच वेळानं आवाज आला, “खाली येतोय.”

उतरल्यावर त्यांनी पाणी मागितलं. म्हणाले, दांड्यात गुणगुण आली. थांबली, पण लगेच नाही.

मी विचारलं, किती वेळ? ते म्हणाले, मला चालेल त्याहून जास्त वेळ.

त्यांनी त्याच दिवशी शेपटीची ती फळी काढायला लावली. ही फळी पुढच्या कडेला बिजागरीवर अडकवलेली असते, वैमानिक तीच वरखाली करून नाक उचलतो. साहेबांनी ती दोन सुऱ्यांच्या धारेवर बिजागरीच्या रेषेत टेकवली. तोल बरोबर असेल तर ती आडवी राहायला हवी होती. ती काठाच्या बाजूनं खाली पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. म्हणाले, बिजागरीच्या मागं जेवढं वजन जास्त तेवढी फडफड लवकर. विमानाच्या धडावर कुठंही हा रंग चालला असता. तुम्ही नेमकी ही कड निवडली.

“काठ कडेलेच रायते,” मी म्हटलं. “मधात काढतात का?”

ते म्हणाले, खरवडून काढू. तेव्हा मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सारांश असा की काठ राहील. माझ्या आईनं कडेला उभं राहून काढून घेतलेला काठ मी कोणाच्या टिचकीसाठी खरवडणार नाही. दुसरा रस्ता असेल तर सांगा. आणि होता. बिजागरीच्या पुढं शिसं लावून तोल साधता येतो. मग तेच आधी का नाही म्हणाले? कारण जोडणाऱ्या माणसाला वजन वाढवायचं जिवावर येतं, म्हणाले. मी म्हटलं, वजनाचं मी पाहीन, शिसं लावा. लावलं. फळी सुऱ्यांवर आडवी राहिली, काठासकट. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, मंग काठाचं काय चुकलं होतं? मी म्हटलं, काहीच नाही.

आणि आता ती पायरी.

दुसऱ्या चाचणीला फेब्रुवारी उजाडला. गिऱ्हाईकाचे फोन सुरू होते, त्यानं पाहुण्यांसाठी छापायच्या पत्रकात दोनशे वीस घालूनही टाकलं होतं. त्या सकाळी दोनशे वीस आलं, टिचकी, ठीक. मी हवेत मूठ मारली. दोनशे तीस, ठीक. परत उंचीवर जाऊन दोनशे पस्तीस, ठीक. दोनशे चाळीस, टिचकी. मग थोडं थांबून, “ठीक.” एकच पायरी राहिली होती, पाच किलोमीटरची. वायरलेसवर मी काही बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. विमान वळलं आणि उतरायला लागलं.

चाकं थांबायच्या आत मी पोचले. “काहून थांबले तुम्ही?”

ते पट्टे सोडत होते. म्हणाले, दोनशे चाळीसला एक झोका जास्त लागला.

“पण थांबला न?”

“थांबला.”

“मंग ठीकच आहे म्हणाले न तुम्ही स्वतः.”

“दोनशे चाळीस ठीक आहे. दोनशे पंचेचाळीस मला माहीत नाही.”

“जाऊन पाहाचं न मंग. त्याच्याचसाठी गेले होते.”

तेव्हा ते विमानाला टेकून उभे राहिले आणि मला, न चिडता, जे सांगितलं ते मला अजून खुपतं. म्हणाले, झोके सारखेच लागत असतात तोवर पुढं जायचं. एक वाढला म्हणजे हवेनं बाजू बदलायला सुरुवात केली. पुढच्या पायरीवर आणखी एक वाढेल, की विरणारच नाही, हे वर जाऊनच कळतं, आणि कळल्यावर सांगायला माणूस खाली येईलच असं नाही.

दोनशे चाळीसचे नव्वद टक्के दोनशे सोळा. त्यांनी वरचा तो एकसुद्धा सोडला आणि दोनशे पंधरा म्हणाले. मी म्हटलं, निदान तो एक तरी द्या. डायलवर एकाची खूणच नाही, म्हणाले. माझ्याशी सौदा करणारा माणूस असा पाचावर ठाम बसलेला मी पाहिला नव्हता. राग आला तो त्यांचा आकडा ऐकून नाही. कागदवाल्यांनी दोनशे वीस लिहिलं, मी दोनशे वीसची जबान दिली, विमान दोनशे चाळीसला ठीक म्हणालं, आणि मधल्या एका पायरीसाठी मी खोटी पडणार होते. एका झोक्यासाठी. तो झोकाही त्यांच्या एकट्याच्या हातात जाणवलेला. माझ्या धंद्यात एकट्याच्या हातात जाणवलेल्या गोष्टीला कोणी दाम देत नाही.

तीन दिवस आम्ही बोललो नाही. चौथ्या दिवशी ते बारीक ब्रश आणि लाल रंग घेऊन आले आणि दोनशे पंधरावर रेघ ओढून निघून गेले. मी बघत होते. मी अडवलं नाही, कारण हो म्हणून बसले होते. तीही जबानच होती.

रिसॉर्टवाला होळीनंतर आला. विमानाभोवती फिरला, काठाचे फोटो काढले, आसनावर बसून दांडा हलवून पाहिला. मग डायलवर बोट ठेवलं. “ताई, हे दोनशे पंधरा काहून?”

मी सगळं सांगितलं. टिचकी, झोके, शिसं, नव्वद टक्के. ह्यात माझा शब्द खोटा पडला, हेही मीच आधी म्हटलं, त्यानं म्हणायची वाट पाहिली नाही. तो मान डोलवत होता, पण ऐकत नव्हता. माणूस हिशेब करत असला की ऐकत नाही, हे मला तोंडावरून कळतं.

“पाचच तर आहे,” तो म्हणाला. “साहेब काय रोज पाहाले येणार आहे का? ब्रश घ्या, तिकडची इकडे करून टाका. आपल्या दोघात.”

आता खरं सांगते. तीन आठवडे मी मनात हेच म्हणत होते, अगदी ह्याच शब्दांत. पाचच तर आहे. पण त्याच्या तोंडून ते आलं आणि मला त्याचा आवाज ओळखीचा वाटला. लिलावात माल उचलताना मी स्वतः हाच आवाज काढते. समोरच्यानं जे मागं राखून ठेवलंय ते काढून घ्यायचा आवाज. मेच्या दुपारी हा माणूस पाहुण्याला शेजारी बसवून आमच्या नागपूरच्या उकळत्या हवेत नाक खाली करणार होता, आणि वाऱ्याचा, हाताचा, बिजागरीचा, डायलचा, चौघांचाही वाटा तो आत्ताच, माझ्या शेडमध्ये, त्या आसनावर बसून खात होता.

“रेघ तिथंच राहीन,” मी म्हटलं.

तो म्हणाला, बरं, मग तेवढ्यासाठी भाव खाली करा. ही रीतसर मागणी होती. मालात उणं निघालं की भाव उतरतो, मी शंभरदा उतरवलाय, आणि ह्या विमानावरही वेगळ्या कशासाठी उतरवला असता.

“नाही,” मी म्हटलं. “ह्याच्यात उणं काही नाही. तुम्हाले ज्या पाचाचे पैसे कमी कराचे आहेत, त्या पाचावरच ते सुखरूप उडून राहिलं.”

“तुम्ही जबान दिली होती ताई.”

“दिली होती. तुटली. चार जणात सांगा. पण रेघ हलणार नाही.”

तो सांगत गेला चार जणांत, मला खबर लागतेच. नंदनवनात आमच्या धंद्यातल्या एकानं मला विचारलंही, का वं, आता तुझ्याही शब्दाले भाव नाही? मी त्याला उभ्या रस्त्यावर जे ऐकवलं ते तो विसरणार नाही. पण खरं आहे, ती एक जबान माझी गेली, आणि ती कोणामुळे गेली हे मी विसरलेले नाही.

विमान अजून शेडमध्येच आहे. साहेब महिन्यातून एखाददा येतात, आधी शेपटीजवळ जाऊन शिशाचे स्क्रू दाबून बघतात, मग माझ्यासमोर येऊन बसतात. रिसॉर्टवाल्याची गोष्ट त्यांना बाहेरूनच कळली होती. एकदा बडीशेप चघळत त्यांनी विचारलं, “तुमचं म्हणणं अजून तेच आहे, एक पायरी बाकी होती?”

“हाव. होतीच.”

“मग रेघ का नाही सरकवलीत? ब्रश तर तुमच्याच शेडमध्ये होता.”

“भांडण माझं तुमच्याशी आहे,” मी म्हटलं. “त्याच्याशी नाही. त्याले काहून फायदा देऊ?”

 ते उठले, डायलच्या काचेवरची धूळ रुमालानं पुसली आणि चपला घातल्या. दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाले, पायरी बाकी नव्हती.

मी म्हटलं, होती.